पासलीचा समुद्र

भात पिवळं पडायला लागलं की मला समुद्र आठवतो.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या मुलीने असं म्हणावं हे जरा विचित्रच. पासलीच्या आमच्या खाचरांतून समुद्र दिसत नाही. दिसतो तो तोरणा, आणि त्याच्या अंगावरून उतरत आलेलं दसऱ्यानंतरचं ऊन. पश्चिमेच्या कड्यावर जाऊन उभं राहिलं आणि हवा निवळलेली असली, तर खाली कोकणाच्या पार टोकाला एक चकाकती रेघ दिसते. जुनी माणसं तिला समुद्र म्हणतात. ती खाडी असेल, नुसतं धुकंही असेल. कुणी जाऊन खात्री केलेली नाही. एकेकाळी इथली माणसं मिठासाठी घाट उतरायची आणि डोक्यावर मीठ, सुकट घेऊन पुन्हा वर यायची. त्यामुळे आमच्या गावाला समुद्र माहीत आहे तो चवीने. आमचे बाळूतात्या तर सरळ म्हणायचे, "आपला समुद्र म्हंजी सुकट. बाकीचा मंबईवाल्यांचा."

तरी एका वर्षी तो समुद्र कडा चढून वर आला आणि आमच्या खाचरांत शिरला. त्या वर्षापासून सुनंदावहिनीचा एक दिवस आमच्या घरावर बाकी आहे. तो कसा बाकी राहिला आणि यंदा मी तो परत करायला गेले तेव्हा काय झालं, एवढंच मला सांगायचं आहे. सांगताना मान वर राहत नाही, हे आधीच सांगून टाकते.

यंदा पाऊस थांबला आणि भोरच्या बाजारात विळे दिसायला लागले. लोहार ते गोणपाटावर मांडून बसतो, बाया धारेवरून अंगठा फिरवून बघतात, नाक मुरडतात, पुन्हा बघतात. त्याच दिवसांत अण्णांच्या छापखान्यात गावाकडची काही तरुण मुलं आली. अण्णा म्हणजे माझे वडील. छापखाना म्हणायची आपली सवय. आता भोरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक, एक झेरॉक्सचं यंत्र आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचं कपाट उरलं आहे. मुलांच्या मोबाईलवर बातमी होती. चीनची जहाजं पुन्हा आपल्या दक्षिणेच्या समुद्रात फिरताहेत. म्हणायला संशोधनाची, समुद्राचा तळ तपासणारी. तळ कशासाठी तपासतात हे त्या मुलांना बरोबर ठाऊक होतं: ज्याला तळ माहीत, त्याच्या पाणबुडीला लपायला जागा माहीत. मुलं म्हणाली, मागच्यासारखं एक पत्रक काढा अण्णा, लोक अजून त्याची आठवण काढतात.

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "आता हिला सांगा. ही माझ्यापेक्षा बरं लिहिते."

मला अभिमान वाटायला हवा होता. मी पत्रकांवरच वाढले आहे. छपाईत बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि मग कागद उलटून छापील बाजू वाचली. धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, उठवलेल्या गावांना जमीन कधी मिळणार, एसटीची फेरी कुणी बंद केली, हे माझे पहिले धडे. थंडीत गोधडीखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. आई त्यांचेच पुडे करून फुटाणे द्यायची. फुटाणे संपले की मी पुडा सोडून वाचायचे. ओल्या शाईच्या वासाने मला अजूनही धीर येतो. अण्णांनी शिकवलं की वाक्य पारावर मोठ्याने वाचता आलं पाहिजे, आणि ज्याला ते लागू आहे त्याला झोंबलं पाहिजे. ज्याला ते लागू नाही त्यालाच झोंबलं तर काय करायचं, हे मात्र त्यांनी शिकवलं नाही. त्यांनाही ते माहीत नसावं.

समुद्र वर आला त्या वर्षी मी बारावीला होते. कापणीच्या दिवसांत आम्ही सगळे भोरहून पासलीला जाऊन राहायचो, अजूनही जातो. सकाळी दवाने पायवाट ओली असते. खाचराच्या बांधावर पाऊल टाकलं की आंबेमोहोराचा वास येतो, आणि तो भाताचा आहे की घरात कुणी शिजवत असलेल्या पेजेचा, हे क्षणभर कळत नाही. विळा रोपाच्या बुडाशी फिरतो तेव्हा एक करकरीत, किंचित ओलसर आवाज होतो. वीसेक विळे एका ओळीत चालले की तो आवाज एखाद्या मोठ्या जनावराच्या रवंथासारखा वाटतो.

आमच्याकडे भात सावडीने कापतात. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नसते. ज्याचं खाचर त्याने दुपारची भाकरी आणि कालवण करायचं, बास. हाताची परतफेड हातानेच. कोण कुणाकडे आलं हे कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. परक्या माणसाला मजुरी देतात, आपल्या माणसाची सावड करतात. पासलीत कोण आपलं आणि कोण परकं हे ओळखायचं असेल तर कापणीच्या दिवसांत बांधावर उभं राहून बघावं.

हळवं भात आधी पिकतं, गरवं मागाहून. आमची वरची खाचरं हळव्याची, म्हणून सावडीची सुरुवात आमच्याकडून झाली. सुनंदावहिनी सगळ्यांच्या आधी आली होती. आमच्या भावकीतल्या दशरथदादाची ही बायको. साडीवर त्याचा जुना लांब बाह्यांचा निळा सदरा घालायची, म्हणजे भाताची पात हाताला कापत नाही. सदऱ्याच्या खिशावर कुठल्याशा जहाजाचं नाव होतं, धुऊन धुऊन अर्धं गेलेलं. दशरथदादा मुंबईला गोदीत लागला होता आणि तिथून बोटीवर गेला. वर्षातले बरेच महिने तो पाण्यावर असायचा, आणि त्याची खाचरं वहिनी एकटी सांभाळायची.

बाळूतात्या कापायला कमी आणि बोलायला जास्त येत. ते म्हणाले, "सुनंदा, नवरा पान्यात आन् तू चिकलात. संसार कोरड्यावर कंदी करनार?"

वहिनीने मान वर न करता उत्तर दिलं, "आमी पान्यात तरी हाय, तात्या. तुमी नुस्तं पारावर."

सगळी ओळ हसली. तात्याही हसले. वहिनी मला 'वन्सं' म्हणायची, नवऱ्याच्या बहिणीला म्हणतात तसं, आणि मी तिच्याहून कितीतरी लहान असूनही मला अहो-जाहो करायची. मला ते फार आवडायचं. त्या दिवशी तिने माझ्या वाट्याची अर्धी ओळसुद्धा कापली. तिचं स्वतःचं भात गरव्याचं, दिवाळीनंतर पिकणारं. तेव्हा आम्ही तिच्याकडे जायचं, हे ठरवायचीही गरज नव्हती.

त्याच आठवड्यात गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर दशरथदादाचा फोटो आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे निळं पाणी, उंचच उंच क्रेन. बंदराचा गाळ काढणाऱ्या एका जहाजावर तो होता आणि ते जहाज तेव्हा श्रीलंकेतल्या एका बंदरात लागलं होतं. मुंबईच्या एजंटाने जिथे लावला तिथे तो गेला होता. गटावर अंगठे उठले, हात जोडले गेले, भगवे झेंडे आले. 'आपला मानूस', कुणीतरी लिहिलं. फोटोत त्याच्या मागे एक पाटी होती, तिच्यावरची चिनी लिपी कुणी पाहिली नाही. पाहिली असती तरी काय? आमच्या घरातल्या बॅटरीवर, दिव्यांच्या माळेवर, लेकरांच्या खेळण्यांवर तीच लिपी होती.

मग तशाच एका बंदरात चीनचं जहाज येऊन लागल्याची बातमी पेपरात आली, आणि अण्णा पेटले.

त्यांनी लिहिलं ते खोटं नव्हतं. आजही मी त्यातला एकही मुद्दा खोडून काढणार नाही. एक मोठा होत चाललेला देश शेजाऱ्यांच्या किनाऱ्यावर बंदरं बांधतो. एक आपल्या पश्चिमेला, एक दक्षिणेला, एक पूर्वेला. आज तिथे माल उतरतो. उद्या युद्धनौका उतरली तर विचारणार कोण? ज्यांच्या किनाऱ्यावर ही बंदरं आहेत ते देश लहान आहेत. दोन मोठ्यांच्या मध्ये सापडलेल्या लहानाने कुणाकडे बघून हसायचं हेसुद्धा त्याच्या हातात राहत नाही. आणि आपलं सरकार सांगतं, काळजी नको, आमचं लक्ष आहे. अण्णांना या गाफीलपणाची चीड होती. मलाही होती, अजून आहे. ज्या समुद्रातून आपलं तेल येतं, ज्यात आपले मच्छीमार रोज जाळी टाकतात, तो कुणाच्या दादागिरीचा आखाडा होणं मला मान्य नाही.

चूक मजकुरात नव्हती. ती अण्णांनी निवडलेल्या गोष्टीत होती. डोंगरातल्या माणसाला बंदर काय आणि पाणबुडी काय, कसं कळणार? म्हणून अण्णांनी ते गडाच्या भाषेत सांगितलं. पत्रकाचं नाव होतं 'समुद्रावरचा वेढा'. त्यात लिहिलं होतं: 'वेढा पडला की आधी वाटा जातात, मग पाणी जातं, मग धीर जातो.' आणि शेवटी, ठळक अक्षरांत: 'गड बाहेरून पडत नाही. आतून कुणीतरी दार उघडतं.'

हे वाक्य त्यांनी दिल्लीतल्या आणि मुंबईतल्या बड्या लोकांसाठी लिहिलं होतं, स्वस्त मालासाठी डोळे मिटून घेणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी. मला ते पाठ होतं. त्यांच्या सगळ्या पत्रकांतलं ते सर्वांत चांगलं वाक्य आहे असं मी मैत्रिणींना सांगायचे.

पण आम्ही गडांच्या पायथ्याची माणसं. आमच्याकडे वेढ्याची गोष्ट लेकराला पाळण्यापासून माहीत असते, आणि त्या गोष्टीत फितूर असतोच. शत्रू कितीही मोठा असो, आमच्या गोष्टीतला राग त्याच्यावर ठरत नाही. तो त्या एका आतल्या माणसावर जाऊन बसतो. मुलं खेळ मांडतात तेव्हा मावळा कोण यावर भांडतात आणि फितूर कोण यावर मारामारी करतात. दुसऱ्या कुठल्या मुलखात हे पत्रक वाचून लोकांनी विचारलं असतं, वेढा कुणी घातला? पासलीत विचारलं गेलं, दार कोण उघडतंय?

देवळात आरतीनंतर बाळूतात्यांनी पत्रक मोठ्याने वाचलं. शेवटच्या वाक्यावर ते थांबले, पुन्हा एकदा वाचलं. कुणीही नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी गटावर तोच जुना फोटो पुन्हा आला. या वेळी मागची पाटी मोठी करून, तिच्याभोवती लाल गोल काढून. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. अंगठेही उठले नाहीत.

दिवाळीत पोरांनी देवळापुढे किल्ला केला. दरवर्षी करतात. लाल माती, दगड, वर मोहरी पेरलेली, हिरवेगार कोंब फुटलेले. त्या वर्षी किल्ल्याभोवती निळ्या प्लास्टिकचा समुद्र होता आणि त्यात कागदी जहाजं. कल्पना सुंदर होती, सगळे वाकून वाकून बघत होते. दरवाजाच्या आत एक मातीचा मावळा ठेवला होता, त्याचं डोकं हळदीने पिवळं केलेलं. त्याचे दोन्ही हात कडीवर होते. मोठी माणसं बघून पुढे जात होती, काही हसत होती. मीही बघितला आणि पुढे गेले.

सुनंदावहिनी पणती घेऊन देवळात आली. ती किल्ल्यापुढे थांबली. तिला समजायला वेळ लागला नाही. तिने पणती खाली ठेवली, वाकून तो पिवळ्या डोक्याचा मावळा उचलला, पदराने त्याच्या पायाची माती पुसली आणि त्याला घेऊन घरी गेली. पणती तिथेच राहिली. पोरांपैकी कुणीतरी विचारलं, आता दार कोण उघडणार, आणि मोठी माणसं पुन्हा हसली.

तिचं गरवं पिकलं. तिने रीतीप्रमाणे घरोघर जाऊन सांगितलं, उद्या आमची कापणी. कुणी नाही म्हटलं नाही. पासलीत तोंडावर नाही म्हणत नाहीत. एकाला भोरला जायचं होतं, एकाच्या बैलाचा पाय दुखावला होता, एकीची कंबर धरली होती. आमच्या घरी ती आली तेव्हा अण्णा ओट्यावर होते. ती गेल्यावर आई म्हणाली, "तिचा दिवस हाय आपल्याकडं. गेलंच पायजे."

अण्णांनी हातातला पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी दशरथबद्दल लिहिलेलं नाही, हे मला माहीत आहे. पण आत्ता गेलो तर लोक म्हणतील, अण्णानं स्वतःचं पत्रक गिळलं."

ते गेले नाहीत. ते गेले नाहीत म्हणून आई गेली नाही, आणि आई गेली नाही म्हणून मी. आमच्या घरात माणसं एकमेकांच्या मागे उभी राहतात, याचाही मला एकेकाळी अभिमान होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी भरायला गेले तेव्हा वरच्या बांधावरून दिसलं, पिवळ्या खाचरात एक निळा सदरा. एकच. मग दोन दिवसांनी आमचं खालचं, गरव्याचं खाचर होतं. आम्ही घरोघर सांगितलंही नव्हतं. सगळा गाव आला. बैलाचा पाय बरा झाला होता, कंबरही. बाळूतात्या म्हणाले, अण्णांचं काम म्हंजी गावाचं काम. दुपारच्या आत खाचर मोकळं झालं.

त्याच रात्री आभाळ भरलं आणि अवकाळी कोसळला. आमचं भात घरात होतं. वहिनीचं बरंचसं अजून उभं होतं, ते आडवं झालं, पाण्यात पडलं, आणि लोंब्यांतल्या दाण्यांना तिथेच कोंब फुटले. त्या हिवाळ्यात आमच्या घरात नव्या तांदळाचा वास भरून राहिला होता. पाहुणे म्हणायचे, काय घमघमाट आहे हो. आई त्यांना वाढायची आणि स्वतः भाकरी खायची. मी भात खाल्ला. चांगला लागला.

पुढच्या वर्षापासून सुनंदावहिनी घरोघर सांगायला गेली नाही. तिने घाटाखालून मजुरांची टोळी आणली. दशरथदादाच्या बोटीवरच्या पगारातून रोख मजुरी. पासलीत मजुरीने कापणी होणारं ते एकच घर. लोक म्हणायला लागले, पैशाचा माज आलाय. आपण तिला सावडीतून काढलं हे कुणी म्हणालं नाही. तीच बाहेर पडली असं गावाचं ठरलं. दशरथदादा गटातून कधी बाहेर पडला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एकदा कापूरहोळच्या फाट्यावर एसटीची वाट बघत बसले होते. महामार्गावरून कंटेनरचे ट्रक चालले होते, एकामागून एक, अंगावर परक्या लिपीतली मोठाली अक्षरं मिरवत. ढाब्यावरची खुर्ची, माझ्या हातातला मोबाईल, समोरच्या दुकानात पंक्चर काढणाऱ्याचा पंप. सगळं त्याच समुद्रातून आलेलं. ज्याच्या हातून हे सगळं आत येतं तो फितूर म्हटला, तर आधी फाट्यावरच्या आम्हा सगळ्यांना बांधून न्यायला हवं होतं. आम्ही मात्र एका बाईचं भात पाण्यात घातलं. ज्या देशाला अडवायचं होतं त्याच्या आरमाराचं एक जहाजसुद्धा त्यामुळे तसूभर मागे सरलं नाही.

यंदा मुलं नवं पत्रक मागून गेल्यावर मी कागद पुढे घेऊन बसले. मुद्दे तयार होते, राग तयार होता. पहिलं वाक्य मात्र उतरेना. लिहायला गेले की पेनाखाली निळा सदरा यायचा. आई भांडी लावता लावता म्हणाली, वहिनीकडे उद्यापासून कापणी आहे असं ऐकलंय. मी उठले तेव्हा तिने फळीवरचा विळा काढून दिला. "हात हलवत जाऊ नकोस," एवढंच म्हणाली. अण्णा संगणकापुढे बसले होते. त्यांनी ऐकलं, वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पासलीला पोचले तेव्हा टोळी कामाला लागलेली होती. वहिनी टोकाच्या ओळीत. सदरा आता दुसरा होता, राखाडी. मला बघून ती म्हणाली, "या वन्सं. पत्रकं वाटाया आलाय व्हय?"

मी म्हटलं, नाही, तुमचा दिवस द्यायला आले आहे. त्या वर्षीचा. हळव्याच्या वेळचा.

तिने ओळ शेवटपर्यंत कापली. मग कंबर सरळ करून माझ्यापुढे उभी राहिली. "सावड मान्सामान्सांत असती, वन्सं. त्या साली आमी मानूस कुठं हुतो?" तिचा आवाज चढलेला नव्हता. "मजुरीनं यनार असला तर या. त्या बायांच्या संगं. सांच्याला त्यांच्यासारकं पैसं घ्यायचं. सावडीचं नाव काडायचं न्हाई."

भावकीतल्या माणसाने भावकीत मजुरी घ्यायची म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. तिलाही. मी ओढणी कमरेला बांधली आणि ओळीत शिरले.

दिवसभर कापायची सवय हाताला राहिली नव्हती. पात मनगटाला कापत होती, आणि माझी अर्धी ओळ या वेळी कुणी कापणार नव्हतं. दुपारी बाया आपापल्या भाकऱ्या सोडून बसल्या. मी काही आणलं नव्हतं. सवयीने धरून चालले होते की खाचरवाली देईल. मजुराला ती देत नाही. शेजारच्या बाईने न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, वर चिमूटभर सुकट. घाटाखालून बांधून आणलेली. खारट, उग्र, वाळूचा एखादा कण दाताखाली येणारी. ती खाताना बाळूतात्यांचं ते जुनं वाक्य आठवलं, पण हसू आलं नाही.

पाणी प्यायला वहिनीच्या घरात गेले. कोनाड्यात देवांच्या बाजूला तो मातीचा मावळा उभा होता. डोक्याची हळद अजून पुरती गेलेली नव्हती. वहिनीने तांब्या पुढे केला आणि मी पाणी पीत असताना पहिल्यांदाच काहीतरी विचारलं. "पेपरात यतंय त्ये खरं हाय का? हुनार का लडाई समुद्रात?"

मी तिला मला जे माहीत होतं ते सांगितलं. जहाजं वाढताहेत, हे खरं. तळ तपासताहेत, हेही खरं. आपणही आपली वाढवतोय. लढाई होईल की नाही हे कुणालाच माहीत नाही, पण भीती वाढते आहे. दशरथदादा आता कुठे असतो, असं मी विचारलं.

"पान्यात," ती म्हणाली. "कंच्या बंदरात त्ये त्यो सांगत न्हाई. मीबी इचारत न्हाई." तांब्या परत घेताना ती थांबली. "लडाई झाली तर त्यो कुनाच्या बाजूनं मेला म्हनायचं, तेवडं लिवा तुमच्या पत्रकात."

मी तोंड पुसलं, विळा उचलला आणि ओळीत परत गेले.

उन्हं कलली तसं खाचर मोकळं झालं. कापलेल्या भाताचे भारे बांधावर लागले, आणि पश्चिमेच्या कड्यापलीकडे ती चकाकती रेघ असेल असं वाटण्याइतकी हवा स्वच्छ होती. बाया ओळीने उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले. वहिनी एकेकीच्या हातावर पैसे ठेवत पुढे सरकत होती. माझ्यापुढे आली तेव्हा मला वाटलं, आता ती 'वन्सं' म्हणेल. म्हणाली असती तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते.

"घे बाई," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईकडे गेली.

भोरला पोचले तेव्हा अण्णा वाट बघत होते. संगणकावर त्यांनी पत्रकाचं शीर्षक लावून ठेवलं होतं, 'वेढा पुन्हा', आणि खाली माझ्या मजकुरासाठी जागा सोडून तो कागद छापून टेबलावर ठेवला होता. आईने विचारलं, "फिटला का तिचा दिवस?" मी मुठीतले पैसे त्या कागदावर ठेवले.

अण्णा कितीही शिकले, भोरात कितीही वर्षं राहिले, तरी ते पासलीचे आहेत. पैसे बघून त्यांना काही विचारावं लागलं नाही. तरी त्यांनी विचारलंच, आणि विचारताना त्यांची छापील भाषा गळून पडली. "सुनंदानं दिलं?"

"हो."

"आन् तू घेतलंस?"

"सगळ्यांनी हात पुढे केला होता," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. शीर्षकाखालची ती जागा कोरीच आहे. काय लिहायचं ते मला माहीत आहे; ते वाचून पासली कुणाकडे बघेल, तेही आता माहीत आहे. पैसे अजून त्या कागदावरच आहेत, आईने त्यांना हात लावलेला नाही.

उद्या आमच्या गरव्याची कापणी. कुणाला सांगायला जायची गरज नाही. माणसं येतील. आमच्याकडे येतातच.